संदर्भ आधी, वाक्य नंतर: शोधनिबंधातले संदर्भ निवडायचे आणि द्यायचे कसे

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की नागपुरातल्या जवळजवळ प्रत्येक विभागात तेच चालू असतं. सगळी प्रकरणं लिहून तयार आहेत आणि संशोधक आता संदर्भसूची 'बनवायला' बसला आहे. वाक्याचा अर्धा तुकडा गूगलवर टाकायचा, वर आलेल्या लेखाचं नाव उचलायचं, कंसात आडनाव आणि साल लिहून पुढच्या वाक्याकडे जायचं. अशा सूचीत चुका राहणारच, कारण कामाचा क्रमच उलटा आहे. आपलं म्हणणं काय ते आधी ठरवावं, त्याला आधार शोधावा, तो वाचून पान क्रमांकासह टिपून ठेवावा आणि मग ते वाक्य लिहावं.

खालचे टप्पे याच क्रमाने आहेत. एम.ए.च्या लघुप्रबंधाला, पीएच.डी.ला आणि प्राध्यापकांच्या शोधनिबंधालाही ते लागू पडतात. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर त्याचा हिशोब शेवटी द्यावा लागतो, आणि तेव्हा हाताशी वेळ नसतो.

## तयारी: पहिलं वाक्य लिहिण्याआधी

संदर्भ लिहिण्याची ठरलेली पद्धत, म्हणजे शैली, लेखी मिळवा. सामाजिक शास्त्रांत आणि शिक्षणशास्त्रात बहुतेक ठिकाणी एपीए चालते, वैद्यकीय विषयांत व्हँकुव्हर, अभियांत्रिकीत आयईईई, भाषा-साहित्यात एमएलए. पण 'बहुतेक ठिकाणी' एवढ्यावर विसंबू नका. विद्यापीठाचा नियम, विभागाची रीत, गाईडची सवय आणि नियतकालिकाच्या सूचना या चार गोष्टी कधी कधी चार दिशांना जातात. गाईडना सरळ विचारा, "सर, सूची कोणत्या शैलीत आणि कितव्या आवृत्तीप्रमाणे?" आवृत्तीने खरंच फरक पडतो. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत प्रकाशनाचं गाव लिहीत, सातव्यात ते काढून टाकलं आहे. तीन किंवा अधिक लेखक असतील तर सातव्या आवृत्तीत मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून 'पहिला लेखक आणि इतर' असं येतं. सीनियरचा जुना प्रबंध समोर ठेवून नक्कल केली की दोन आवृत्त्यांची खिचडी होते आणि परीक्षकाला ती पहिल्या पानावरच दिसते.

नियतकालिकासाठी लिहीत असाल तर लेखकांसाठीच्या सूचनांचं पान आणि त्याच नियतकालिकातला अगदी अलीकडचा एक लेख छापून टेबलावर ठेवा. सूचनांत जे संदिग्ध असतं ते छापलेल्या लेखात स्पष्ट दिसतं.

झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारं सॉफ्टवेअर संगणकावर बसवून घ्या. मोफत आहे, वर्डला जोडता येतं, ३०० मेगाबाइटपर्यंत ऑनलाइन साठवणही फुकट मिळते. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टाकला की नोंद आपोआप तयार होते. दोन-चार संदर्भांच्या टिपणाला हातानेही भागेल, पण दीडशे संदर्भांचा प्रबंध हाताने सांभाळणं म्हणजे चुकांना निमंत्रण.

मराठी प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा. सीताबर्डीवर किंवा कॉलेजजवळ टायपिंगला दिलेला मजकूर बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये परत येतो. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची सरमिसळ असते. त्यात शब्द शोधता येत नाही, सूची अकारविल्हे लावता येत नाही, झोटेरोत तो मजकूर चालत नाही. काम देतानाच सांगा की युनिकोड हवं, मंगल किंवा कोकिला फॉन्टमध्ये.

ग्रंथपालांना भेटा. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली आहेत. तुमची संस्था त्यात येते का आणि घरून लॉगिन कसं करायचं, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. पैसे मागणारं पान दिसलं म्हणून नुसता सारांश वाचून लेखाचा हवाला देणारे पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांना तो लेख ग्रंथालयातून मिळाला असता.

*तपासा: शैलीचं नाव आणि आवृत्ती कागदावर लिहिलेली आहे का? ग्रंथालयाचं लॉगिन चालतं का? मगच पुढे.*

## टप्पा १: कोणत्या वाक्याला आधार हवा ते ठरवा

संदर्भ नेमक्या वाक्यासाठी शोधायचा असतो. म्हणून प्रकरणाचा आराखडा घ्या आणि त्यातलं एकेक विधान वेगळं करा. नमुन्यादाखल हा परिच्छेद पाहा:

"नागपूरची लोकसंख्या २४ लाखांहून अधिक आहे. शहरातून नाग नदी वाहते. नदीत सांडपाणी मिसळल्याने पाण्यातला विरघळलेला प्राणवायू कमी झाला आहे. त्यामुळे काठच्या वस्त्यांमध्ये पोटाचे आजार वाढले आहेत."

चार वाक्यं, आणि चारही वेगळ्या जातीची. पहिल्यात आकडा आहे, त्याला जनगणनेचा थेट आधार हवा. दुसऱ्याला संदर्भाची गरज नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीला हवाला जोडला की उलट लिहिणारा नवखा वाटतो. तिसऱ्या वाक्यात दोन विधानं एकमेकांत मिसळली आहेत. सांडपाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांमुळे प्राणवायू खर्च होतो, हे पाठ्यपुस्तकातलं सर्वसाधारण तत्त्व झालं. नाग नदीत तो कमी झाला, हे मोजमाप आहे. त्याला कुठल्या वर्षी, कुठल्या ऋतूत, नदीच्या कोणत्या ठिकाणचे नमुने घेतले हे सांगणारा अभ्यास लागेल. तिथे पाठ्यपुस्तक दिलंत तर ते वाक्याखाली बसत नाही.

चौथं वाक्य सगळ्यांत जड. 'त्यामुळे' हा शब्द कार्यकारणाचा दावा करतो. त्याला त्याच वस्त्यांमधल्या आजारांची नोंद आणि इतर कारणं वजा करून केलेली तुलना हवी. असा अभ्यास मिळाला नाही, तर वाक्य सौम्य करा किंवा काढून टाका. वाक्य ठेवून जवळपासचा कुठलातरी लेख त्याला चिकटवणं ही माझ्या मते संदर्भातली सर्वांत वाईट सवय आहे, कारण ती चूक पुढच्या संशोधकाच्या प्रबंधात जाते आणि तिथून आणखी पुढे.

यादीत प्रत्येक विधानासमोर लिहा: आकडा, मोजमाप, व्याख्या, कुणाचं मत, की कार्यकारण. कसला स्रोत शोधायचा ते त्यावरून ठरतं.

## टप्पा २: शोध

योग्य शब्द सापडला की निम्मं काम होतं. नागपूरच्या संत्र्यावर लिहिणारे विद्यार्थी 'नागपूर ऑरेंज' टाकतात आणि बातम्या व पर्यटनाची पानं मिळाली की "यावर संशोधनच नाही" असं म्हणतात. फलोद्यान शास्त्रात या फळाला 'नागपूर मँडरीन' म्हणतात, शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. हे शब्द इंग्रजीत टाका, ढीगभर लेख निघतील. आपल्या विषयातले तज्ज्ञ कोणता शब्द वापरतात हे कळायला एखादा चांगला आढावा-लेख घ्या आणि त्याखालचे बीजशब्द टिपून ठेवा.

एक नेमका लेख हाती लागला की त्याच्या दोन्ही बाजूंनी जा. मागे जाण्यासाठी त्याची संदर्भसूची, पुढे जाण्यासाठी गूगल स्कॉलरवरचा, त्याचा हवाला देणारे लेख दाखवणारा 'साइटेड बाय' दुवा. नवे लेख जेव्हा तुमच्याकडे आधीच असलेल्या लेखांचेच हवाले देऊ लागतात, तेव्हा त्या विधानापुरता शोध पुरेसा झाला असं समजा.

शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले, प्रबंध नकाशासारखे वापरा. त्यांतली सूची पाहून मूळ लेखांकडे जा. प्रबंधातल्या साहित्याच्या आढाव्यातले परिच्छेद आणि त्यांतले हवाले जसेच्या तसे उचलणं ही आपल्याकडची फार रुळलेली वाट आहे, आणि एका प्रबंधातलं चुकलेलं साल दहा प्रबंधांत पोचतं ते याच वाटेने.

आणखी एक सांगावंसं वाटतं. आपल्या शहरात नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, लिंबूवर्गीय फळांची राष्ट्रीय संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो आहे. विदर्भातली माती, पाणी, कापूस किंवा संत्रा हा विषय घेणारा विद्यार्थी परदेशी संकेतस्थळं धुंडाळत बसतो आणि अमरावती रोडवरच्या ब्युरोचे अहवाल त्याने उघडलेलेही नसतात. विभागप्रमुखांचं पत्र घ्या, आधी फोन करा आणि प्रत्यक्ष जा.

*सावधान: चॅटजीपीटीसारख्या साधनाला "या वाक्यासाठी पाच संदर्भ दे" असं सांगू नका. लेखक खरा, नियतकालिक खरं, खंडही खरा, पण तसा लेख कधी छापलेलाच नाही, अशा नोंदी ही साधनं सफाईने तयार करतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने असे अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. शोधाचे शब्द सुचवायला ही साधनं जरूर वापरा; नोंद मात्र मूळ ठिकाणाहूनच घ्या.*

## टप्पा ३: चाळणी

सापडलेलं सगळं सूचीत जात नाही. प्रत्येक स्रोताला हे प्रश्न विचारा.

हा मूळ स्रोत आहे का? लोकसंख्येसाठी वृत्तपत्र, कायद्यासाठी गाइडबुक, शासकीय योजनेसाठी ब्लॉग असे संदर्भ दिसले की परीक्षक पुढचं सगळं संशयाने वाचतो. जनगणना असेल तर जनगणना, शासन निर्णय असेल तर शासन निर्णयच द्या. मराठी विश्वकोश पार्श्वभूमीसाठी उत्तम आहे आणि त्याच्या नोंदींखाली लेखकाचं नाव असतं, पण नव्या संशोधनाच्या विधानाला तो पुरत नाही.

नियतकालिक खरं आहे का? "यूजीसी केअरमध्ये आहे", म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत आहे, हे उत्तर आता चालत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली. आता तपासणी तुम्हालाच करायची आहे. नियतकालिकाचा आयएसएसएन हा ओळख क्रमांक आंतरराष्ट्रीय आयएसएसएनच्या संकेतस्थळावर टाका आणि नाव जुळतं का पाहा. स्कोपस या संशोधन-सूचीत असल्याचा दावा असेल तर स्कोपसच्या स्रोतयादीत जाऊन बघा, सर्वांना फुकट वाचता येणारं मुक्त नियतकालिक असेल तर डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या यादीत. नामांकित नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब नकली संकेतस्थळ उभं करणारेही आहेत, म्हणून संकेतस्थळाचा पत्ता या अधिकृत याद्यांतूनच उघडा. चार दिवसांत स्वीकृतीपत्र, एका अंकात शेतीपासून संगणकापर्यंत सगळे विषय, संपादक मंडळातल्या माणसांचा कुठे पत्ता नाही: यांतलं काही दिसलं तर तो लेख बाजूला ठेवा.

लेख मागे घेतला आहे का? हे बहुतेक जण पाहतच नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा 'लॅन्सेट'मधला लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी जुन्या सूच्यांमधून तो फिरत राहतो. प्रकाशकाच्या पानावर लेख उघडा. मागे घेतल्याची सूचना तिथे असते. पीडीएफ कुणाकडून व्हॉट्सअॅपवर आली असेल तर ती सूचना तुम्हाला दिसणारच नाही. मागे घेतलेल्या लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा विदासंच (डेटाबेस) २०२३ मध्ये डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेने घेऊन सर्वांना खुला केला, आणि झोटेरोही अशा लेखावर लाल पट्टी दाखवतं.

साल किती जुनं? सरसकट 'गेल्या पाच वर्षांतलेच' असा नियम लावू नका. तंत्रज्ञानाला तो ठीक आहे; इतिहासाला, साहित्याला, सिद्धान्ताच्या मूळ मांडणीला नाही. जुनं साधन घेताना ते कोणी, कुणासाठी लिहिलं याचं भान ठेवा. १९०८ चं नागपूर जिल्हा गॅझेटियर वसाहतीच्या प्रशासनासाठी लिहिलेलं आहे. तेव्हाचं प्रशासन काय नोंदवत होतं याचा तो भक्कम पुरावा आहे, पण त्यातली समाजांची वर्णनं आज वस्तुस्थिती म्हणून देता येणार नाहीत.

## टप्पा ४: वाचा आणि पान क्रमांकासह नोंद करा

न वाचलेल्या लेखाचा हवाला किती महागात पडू शकतो, याचं उदाहरण वैद्यकीय जगात आहे. १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूवर्गीय वेदनाशामकं मिळालेल्या रुग्णांमध्ये व्यसनाची नोंद क्वचित आढळली, एवढंच त्यात होतं. त्याच नियतकालिकाने २०१७ मध्ये मोजदाद छापली: त्या पत्राला ६०८ हवाले मिळाले होते, त्यांतल्या ७२ टक्क्यांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलं होतं, आणि सुमारे ८१ टक्क्यांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. घरी नेऊन महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या माणसाबद्दल त्या पाच वाक्यांत काहीच नव्हतं.

म्हणून प्रत्येक स्रोताचा सारांश, पद्धतीचा भाग आणि तुमच्या विधानाशी संबंधित पानं वाचायचीच. कोणावर, कुठे, केव्हा अभ्यास झाला हे नोंदीत आलं पाहिजे. लोकसंख्येची नोंद अशी करा:

*विधान: नागपूर शहराची लोकसंख्या. स्रोत: जनगणना २०११, जिल्हा जनगणना पुस्तिका, नागपूर. महानगरपालिका क्षेत्र २४,०५,६६५. संपूर्ण जिल्हा ४६,५३,५७०. तक्त्याचं नाव आणि पान इथेच लिहायचं.*

दोन्ही आकडे शेजारी का? कारण 'नागपूरची लोकसंख्या' म्हणून कुणी २४ लाख लिहितं, कुणी ४६, आणि दोघांच्याही कंसात 'जनगणना २०११' असतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त शहर की जिल्हा हे कुणी लिहिलेलं नसतं. मग एका प्रकरणात शहराचा आणि दुसऱ्यात जिल्ह्याचा आकडा घेऊन दरडोई पाण्याचं गणित मांडलं जातं.

नोंदीत तुमचे शब्द आणि लेखकाचे शब्द वेगळे ठेवा. लेखकाचे शब्द उतरवताना त्याच क्षणी अवतरणचिन्ह घाला आणि पान लिहा. 'नंतर घालू' म्हणून ठेवलेलं वाक्य तीन महिन्यांनी तुम्हाला तुमचंच वाटायला लागतं; न कळत झालेलं वाङ्मयचौर्य बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

मूळ ग्रंथ मिळालाच नाही आणि तो दुसऱ्या लेखकाने उद्धृत केलेला असेल, तर तसं उघडपणे लिहा: 'अमुक, तमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे.' सूचीत तुम्ही प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तकच येईल. असे हवाले मोजकेच असावेत.

*तपासा: नोंदीतल्या प्रत्येक विधानासमोर पान क्रमांक किंवा तक्ता आहे का? नसेल तर ती नोंद अपुरी आहे, लिहायला घेऊ नका.*

## टप्पा ५: मजकुरात संदर्भ ठेवताना

आता लिहा, आणि लिहिता लिहिताच झोटेरोतून संदर्भ घाला. 'इथे संदर्भ' असा पिवळा रंग मारून पुढे जाऊ नका.

संदर्भ त्या विधानाला लागून आला पाहिजे. आठ वाक्यांच्या परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस ठेवला तर पहिली सात वाक्यं कोणाची हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'अनेक संशोधकांच्या मते' लिहून एका कंसात सात नावं कोंबणं हाही तसाच प्रकार. त्या सातांपैकी कोणी काय म्हटलं, कुणाचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात, हे सांगण्यासाठीच तर साहित्याचा आढावा असतो.

शब्द बदलले म्हणजे विचार आपला झाला असं नाही. आपल्या भाषेत मांडलेल्या मतालाही हवाला लागतो. लेखकाचे शब्दच हवे असतील तर अवतरणात, पान क्रमांकासह. एपीएमध्ये ४० किंवा अधिक शब्दांचं अवतरण वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून आणि अवतरणचिन्हांशिवाय येतं.

साम्य तपासणीच्या, म्हणजे तुमचा मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो याच्या, टक्क्यांबद्दल फार गैरसमज आहेत. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. योग्य हवाला दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य यांत धरत नाहीत. म्हणजे टक्के वाढतील या भीतीने अवतरणचिन्हं काढणं किंवा संदर्भ कमी करणं हा उफराटा उपाय आहे. आणि आठ टक्के आले म्हणून कुणाची कल्पना हवाल्याशिवाय वापरणं माफ होत नाही. ते यंत्र शब्द पकडतं, कल्पना पकडत नाही.

## टप्पा ६: सूचीतली प्रत्येक नोंद हाताने तपासा

झोटेरोने आपोआप आणलेली नोंद बरोबरच असेल असं धरू नका. शीर्षक सगळं मोठ्या लिपीत येतं, अंक क्रमांक गळतो, आणि भारतीय नावांची तर हमखास उलटापालट होते. 'अनिल महादेव देशमुख' असं काल्पनिक नाव घेतलं तर कुठे 'अनिल' आडनाव होतं, कुठे 'महादेव'. सूची लावण्याआधी प्रत्येक नावाचं आडनाव कोणतं ते स्वतः ठरवा. दक्षिण भारतीय नावांत शेवटचा शब्द आडनाव असेलच असं नाही. त्या लेखकाच्या इतर लेखांत नाव कसं छापलं आहे ते पाहा. एकाच आडनावाचे आणि एकाच आद्याक्षराचे दोन लेखक असतील तर पूर्ण नाव द्या.

पुस्तकाची माहिती मुखपृष्ठावरून न घेता आतल्या शीर्षकपानावरून आणि त्यामागच्या पानावरून घ्या. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा १९१६ चा चार खंडांचा ग्रंथ आपल्याकडच्या सूच्यांत नुसता 'रसेल' या नावाने येतो. शीर्षकपानावर साहाय्यक म्हणून छापलेले रायबहादूर हिरालाल गळतात. त्यात पुनर्मुद्रणाचं साल दिलं की ग्रंथ अलीकडचाच वाटायला लागतो.

हाच घोटाळा बाबासाहेबांच्या लेखनाबाबत सर्वाधिक होतो, आणि नागपुरात तरी तो होऊ नये असं मला मनापासून वाटतं. '(आंबेडकर, १९७९)' असं वाचलं की नवख्या वाचकाला ते लेखन १९७९ चं वाटतं. महापरिनिर्वाण १९५६ चं. १९७९ हे शासनाने काढलेल्या पहिल्या खंडाचं साल. एपीएप्रमाणे मजकुरात '(आंबेडकर, १९३६/१९७९)' असं यावं आणि सूचीत असं:

*आंबेडकर, भी. रा. (१९७९). अॅनिहिलेशन ऑफ कास्ट. वसंत मून (संपा.), डॉ. बाबासाहेब आंबेडकर: रायटिंग्ज अँड स्पीचेस, खंड १. शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन. (मूळ प्रकाशन १९३६)*

खंडाच्या पुढे त्या लेखाची पानं येतील, तुमच्या हातातल्या प्रतीप्रमाणे.

मराठी पुस्तकांत आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक करा. आवृत्ती बदलली की मजकूर आणि पानं बदलू शकतात, म्हणून वाचलेल्या आवृत्तीचंच साल द्या. जुन्या पुस्तकावर नुसता शक असेल तर ७८ मिळवा. प्रकाशन जानेवारीनंतरचं पण गुढीपाडव्याआधीचं असेल तर ७९.

आपल्याकडे नेहमी लागणारे आणि नेहमी चुकणारे काही प्रकार:

- शासन निर्णय: विभागाचं नाव, विषय, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि शेवटी दिलेला संगणक संकेतांक. नुसतं 'जीआर २०१९' लिहून कुणालाही तो सापडत नाही.
- वृत्तपत्र: दिनांक आणि पानाबरोबर आवृत्ती. नागपूर आवृत्तीतली बातमी पुणे आवृत्तीत वेगळ्या पानावर असते किंवा नसतेच.
- उच्च न्यायालयाचा निवाडा: पक्षकार, प्रकरण क्रमांक, दिनांक, नागपूर खंडपीठाचा उल्लेख, आणि असल्यास तटस्थ उद्धरण क्रमांक (न्यायालयाने स्वतः निवाड्याला दिलेला).
- संकेतस्थळ: मुख्य पानाचा पत्ता चालत नाही, नेमक्या पानाचा द्या. मजकूर बदलता असेल तर पाहिल्याची तारीख लिहा आणि पानाची पीडीएफ काढून ठेवा.
- मुलाखत: तुम्ही स्वतः घेतलेली असेल तर एपीएमध्ये ती सूचीत जात नाही. संशोधनातल्या सहभागींची नावं तर कुठेच द्यायची नाहीत.

इंग्रजी शोधनिबंधात मराठी पुस्तक देताना शीर्षक रोमन लिपीत लिहून चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्या. नुसता अर्थ दिला तर तशा नावाचं इंग्रजी पुस्तक शोधत कुणीतरी ग्रंथालयात फिरत राहील.

## टप्पा ७: दोन्ही बाजूंनी जुळवणी

हे काम छापील प्रतीवर करा, शक्यतो मित्राला सोबत घेऊन. एकाने मजकुरातला प्रत्येक हवाला मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने सूचीत त्यावर खूण करावी. मजकुरात आहे पण सूचीत नाही, ही एक चूक. खूण न झालेली नोंद सूचीत उरली, ही दुसरी. न वाचलेली पुस्तकं सूची भरगच्च दिसावी म्हणून ठेवू नका. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नेमक्या त्यांच्यावरच प्रश्न येतो.

मग प्रत्येक डीओआय उघडा. तो नेहमी १० या आकड्याने आणि त्यापुढच्या टिंबाने सुरू होतो. उघडलेल्या पानावरचं शीर्षक, लेखक आणि साल नोंदीशी ताडून पाहा. डीओआय नसलेल्या लेखासाठी नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो खंड आणि अंक उघडून अनुक्रमणिकेत शीर्षक शोधा. बनावट संदर्भ इथे पकडले जातात, कारण त्या पानांवर दुसराच लेख असतो. एका मोठ्या प्रकाशकाच्या नमुना-साच्यात केवळ मांडणी दाखवण्यासाठी टाकलेला, प्रत्यक्षात नसलेला एक लेख शेकडो निबंधांच्या सूचीत खरा म्हणून छापला गेला आहे. त्या सगळ्यांनी साचा भरला आणि शेवटची ओळ पुसायची राहिली. तुमच्या विभागाच्या नमुना-फाइलमध्येही अशा ओळी असू शकतात.

*सावधान: झोटेरोची जोडणी तोडून साधा मजकूर करण्याआधी फाइलची प्रत काढा. तुटलेली जोडणी परत येत नाही, आणि परीक्षकाने दुरुस्त्या सुचवल्या की जोडणी असलेली प्रतच लागते.*

शेवटी सर्व पीडीएफ, पुस्तकांच्या शीर्षकपानांचे आणि वापरलेल्या पानांचे फोटो, शासन निर्णय आणि संकेतस्थळांच्या प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक फाइलला आडनाव आणि साल असं नाव द्या, म्हणजे क्रम सूचीप्रमाणेच लागेल. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन. व्हायवाच्या दिवशी हा फोल्डर लॅपटॉपवर उघडून ठेवा.